हिरव्या झाडाचा पंचनामा

सर्वेश सकाळी साडेआठला पुन्हा आला तेव्हा जानकी ओट्यावर बसून मुद्दाम बुंध्याकडे बघत होती. आत बसलं की बुंधा दिसत नसे, आणि दिसला नाही की घरातल्यांना बरं वाटे, म्हणून ती गावाहून आल्यापासून बाहेरच बसायची. ओट्यापासून चार हातांवर, जिथे तिच्या वडिलांच्या कितीतरी आधीपासून चिंच उभी होती, तिथे आता गुडघाभर उंचीचं खोड उरलं होतं आणि त्याच्याभोवती भुसा. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढं ते खोड. वर इतकं आभाळ उघडं पडलं होतं की सकाळी आठलाच ओटा तापायला लागायचा.

"ऊन लागतंय ना काकी? आत बसा," सर्वेश म्हणाला.

"ऊन तूच आणलंस. उभा राहा जरा, तुलाही लागू दे."

तो हसला. हसायला त्याला पगार होता. बिल्डरची माणसं दोन प्रकारची असतात, दम देणारी आणि काकी-काका करणारी. सर्वेश दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे जास्त त्रासाचा. काखेत फाइल धरून तो तिच्या बाजूने वाट काढत आत, तिच्या भावाकडे, नंदकिशोरकडे गेला.

भांडुपच्या उतारावरच्या ह्या ओळीला पालिकेच्या कागदावर काय नाव आहे ते ओळीतल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. स्टेशनबाहेरचे शेअर रिक्षावाले "चिंच, चिंच" ओरडतात, लाइटबिलाच्या पत्त्यात "चिंचेजवळ" असतं, आणि लग्नपत्रिकेत नकाशा काढायची पाळी आली तर आधी झाड काढतात, मग रस्ते. गिरणीत लागलेला सीताराम घाडीगावकर, जानकीचा बाप, देवगडहून आला तो ह्याच झाडाखाली पथारी टाकून राहिला आणि मग शेजारी खोली बांधून बसला. ते सगळं जुनं झालं. पुढे गिरणी गेली, सीताराम गेला, झाड होतं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत होतं.

झालं ते सरळ होतं, आणि त्याचाच जानकीला सगळ्यात जास्त राग होता. गणपतीला ही ओळ रिकामी होते. एकोणचाळीस घरांतली तीस-एकतीस घरं कुलपं लावून कोकणात जातात, चतुर्थीच्या आधी दोन दिवस खाली रस्त्यावर बस लागते आणि गौरी गेल्यावर माणसं परत येतात. हे चोरांना ठाऊक, पोस्टमनला ठाऊक. ते बिल्डरला ठाऊक नसेल असं ह्या शहाण्या माणसांना कुठल्या तोंडाने वाटलं? निघताना चिंचेच्या मुळाशी राखणेचा नारळ ठेवायचा, घर आणि ओळ तिच्यावर सोपवायची, चाव्या मागे राहणाऱ्या कुंडलिक साळव्यांकडे द्यायच्या आणि बिनघोर निघायचं. पन्नास वर्षं असंच चाललं होतं. राखणीला ठेवलेल्या झाडाचीच राखण कोणी करायची हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

गौरी गेल्या त्याच दिवशी इथे करवत चालली.

आणि आता आज अकरा वाजता वॉर्डातून उद्यान खात्याचा साहेब पंचनाम्याला येणार होता. झाड मेलेलं होतं आणि राहणाऱ्यांनीच जिवाच्या भीतीने उतरवलं असं घाडीगावकरांनी सांगितलं की फाइल बंद होणार, दसऱ्याला नव्या बिल्डिंगचं भूमिपूजन होणार. जिवंत होतं म्हणाले की काम बंद पडणार आणि ज्याने ते केलं त्याच्यावर केस होणार. झाड घाडीगावकरांच्या अंगणातलं, आणि सीतारामने मरायच्या आधी फोटोपासवर, म्हणजे घराच्या सरकारी ओळखपत्रावर, मुलगा आणि मुलगी दोघांची नावं घालून ठेवलेली, म्हणून जबाब दोघांचा लागणार होता. नंदकिशोरचा जबाब काय असेल ते सगळ्या ओळीला कळलं होतं. राहिली जानकी.

ती उठून आत गेली.

नंदकिशोर पंख्याखाली इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. विमलावहिनी कॉटवर पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होती. मनालीने आज लॅबमधून सुट्टी घेतली होती. आत्या आणि बाबा दोघांना एकटं सोडून मुलुंडला जाऊन लोकांचं रक्त काढायचा तिला धीर झाला नव्हता.

"काका, फक्त दोन सह्या," सर्वेश सांगत होता. "साहेब आला की हा कागद त्याच्या हातात द्यायचा. तो चहा पिईल आणि जाईल. विषय खतम."

जानकीने त्याच्या हातातून कागद काढून घेतला आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सदर चिंचेचे झाड गेली दहा वर्षे वाळलेले असून ते राहत्या घरावर पडून जीवितहानी होण्याचा धोका असल्याने आम्ही रहिवाशांनी स्वखुशीने..." ती थांबली. "वाळलेलं कोण होतं रे?"

"काकी, ती भाषा असते. सरकारी कागदात तसंच लिहितात."

"मग माझ्या मयताचा दाखला पण लिहून ठेव. भाषाच असते ना."

मनालीला हसू आलं आणि तिने ते खाली बघून गिळलं.

"जानकी," नंदकिशोर म्हणाला, "तो त्याचं काम करतोय."

"मी पण माझं करतेय. वाचतेय."

सर्वेशने कागद टीपॉयवर ठेवला, वर पेन ठेवलं आणि खाली टपरीवर आहे म्हणाला. साडेदहापर्यंत द्या, नंतर माझ्या हातात काही राहणार नाही, असंही म्हणाला. इतकं गोड म्हणाला की धमकी आहे हे कळायला जरा वेळ लागला.

तो पायऱ्या उतरून गेला. मग नंदकिशोरने सुरुवात केली, आणि सुरुवात केली ती जुनीच.

"तीस वर्षं मी फोर्टात लिफ्ट चालवली. लोकांना सातव्या मजल्यावर सोडलं आणि घरी येताना एकशे बारा पायऱ्या चढलो. मला त्याचं काही नाही. पण हिचे गुडघे ह्या पायऱ्यांनी खाल्ले. गेल्या मे महिन्यात हिला खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली नेलं, तू पण होतीस. चौदा वर्षं ही बिल्डिंग होतेय, होतेय. मधे एकच गोष्ट उभी होती."

"म्हणजे तुला माहीत होतं," जानकी म्हणाली.

त्याने शर्टाची इस्त्री हाताने सारखी केली. 

"बाबा?" मनाली म्हणाली. "तुम्ही मला गावाला असताना काय म्हणालात? साळवेकाकांचा फोन लागला तेव्हा? तुम्ही म्हणालात, आपल्याला काय ठाऊक, आपण इथे आहोत. तुम्ही आरतीला उभे होतात, बाबा."

"मला दिवस माहीत नव्हता."

"दिवस माहीत नव्हता म्हणजे बाकी सगळं माहीत होतं."

"तू मधे पडू नको गं."

"का नको? मी पण त्याच्याच सावलीत मोठी झाले ना? आत्ये, तू नको करू सही. बघू काय करतात ते."

जानकीला बरं वाटलं. पोरगी आपल्या बाजूला आली की कोणाला बरं वाटणार नाही? तिने टीपॉयवरचा कागद उचलला, दोन बोटांत धरला, फाडणारच होती.

"फाड," विमलावहिनी म्हणाली. "पण आधी दुसरा एक कागद बघ, मग काय फाडायचं ते ठरव."

ती कॉटच्या कडेला हात टेकून उठली, तोंडाने नाही पण सगळ्या अंगाने कण्हत कपाटापर्यंत गेली आणि साडीच्या घडीखालून एक झेरॉक्स काढून आणली. झाड तोडण्यासाठीचा अर्ज होता तो. धोकादायक, मृत, तातडीने तोडण्याची परवानगी मिळावी. खाली दोन सह्या. एक नंदकिशोरची, लांबट, लिफ्टच्या रजिस्टरात रोज करून करून गुळगुळीत झालेली. दुसरी जानकीची.

जानकीने तो कागद दोनदा उलटासुलटा केला. मागे काही नव्हतं.

तिला आठवलं. आठवायला वेळ लागला नाही, हेच वाईट. निघायचा दिवस, खाली बसचा हॉर्न, हातात मोदकपात्राची पिशवी, काखेत छत्री, आणि नंदकिशोर मध्येच उभा. फांदी पत्र्यावर आलीय, छाटणीचा कागद आहे, कर पटकन सही, ड्रायव्हर बोंबलतोय. तिने पिशवी गुडघ्यावर टेकवून, त्याच्याच पाठीवर कागद ठेवून सही केली होती.

गोळ्यांच्या कंपनीत सत्तावीस वर्षं ती पॅकिंगला होती. प्रत्येक पाकिटावरची बॅच आणि तारीख वाचल्याशिवाय तिने पाकीट पुढे सरकवलं नव्हतं. तिच्या टेबलावरून चुकीची तारीख कधी गेली नाही असं सुपरवायझर सगळ्यांना सांगायचा. आणि घरचा कागद तिने वाचला नाही, कारण तो दादाने पुढे केला होता.

"फांदी म्हणालास तू," ती म्हणाली.

नंदकिशोर भिंतीकडे बघत म्हणाला, "मोठी फांदी."

"दादा, तू माका फसवलंस."

"फसवलंय," तो म्हणाला. रागाने नाही, थकून म्हणाला. ती मालवणीत बोलली की त्याला खोटं बोलणं जमत नसे. "विचारलं असतं तर तू दिली असतीस सही? जन्मात नसती दिलीस. तुला सावली हवी, मला बायको चालायला हवी. काय करू मी?"

मनालीने झेरॉक्स हातात घेतला. तिचा चेहरा बदलत गेला तो जानकीला दिसत होता.

"आत्ये," ती हळूच म्हणाली, "मग आता काही बोलू नकोस. तू जिवंत होतं म्हणालीस तर हा अर्ज खोटा ठरतो, आणि अर्ज तुझा पण आहे. दोघांवर होईल केस. वाट लागेल आपली. कर सही आणि सोडून दे."

"आत्ताच तू सांगत होतीस, बघू काय करतात ते."

"आत्ता मला हे माहीत नव्हतं ना यार."

म्हणजे घरात तिघं एका बाजूला झाले, बोलता बोलता. जानकी वहिनीकडे वळली.

"आणि तुला कधीपासून माहीत?"

"परत आल्यावर ह्यांच्या बॅगेत सापडलं. रडले मी. मग गप्प बसले. रडून पायऱ्या कमी होत नाहीत." विमलावहिनी परत कॉटवर बसली. "मी खोटं नाही बोलणार तुझ्याशी. मला लिफ्ट पाहिजे, जानकी. मला स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जायचंय. तू मला वाईट म्हण."

वाईट म्हणता आलं असतं तर सोपं होतं. जानकीने दोन्ही कागद घेतले आणि ती बाहेर पडली.

कुंडलिक साळवे चार घरं पलीकडे दारातच खुर्ची टाकून बसले होते. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, जन्म खांबांवर चढण्यात गेला. जालन्याहून आलेला हा माणूस ओळीत गणपतीला मागे राहायचा आणि तीस-एकतीस घरांच्या चाव्या एका तारेत ओवून खिळ्याला लावायचा. तक्रार त्यांनीच दिली होती. आजचा साहेब येणार तो त्यांच्यामुळे.

"सांगा मला सगळं," जानकी म्हणाली. "परवा मी ऐकलं नाही नीट. मला ऐकवत नव्हतं."

"काय सांगायचं? सात माणसं होती. मी म्हणालो, कागद दाखवा. तो पोरगा, सर्वेश, म्हणाला, घरवाल्यांचाच अर्ज आहे. मी म्हणालो, खोटं बोलतोस, घाडीगावकर असा अर्ज करणार नाहीत. चौदा वेळा फोन लावला तुमच्या भावाला. तुमच्या गावाला रेंज नाही, लागला तोवर झाड आडवं झालं होतं. खोडाला पाठ लावून बसलो, तर दोघांनी उचलून बाजूला ठेवलं. खुर्ची उचलून ठेवतात तसं." ते थांबले. "फांद्या पडल्या त्यांना कोवळ्या चिंचांची हिरवी बोटकं लागलेली होती, ताई. सगळ्या पायऱ्यांवर सडा. पोरं येऊन खात होती. मीच त्यांना हाकललं, मला बघवेना."

जानकीने अर्जाचा झेरॉक्स त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लांब धरून वाचला. मग खाली सह्यांपाशी आले आणि तिथेच थांबले. 

"न वाचता केली," जानकी म्हणाली. "फांदीचा कागद म्हणून केली. त्याने खोटं सांगितलं, पण हात माझाच होता."

"मी तक्रारीत लिहिलंय," कुंडलिक म्हणाले, "की घाडीगावकरांच्या नावाने कोणीतरी खोटा अर्ज केला. छातीवर हात ठेवून लिहिलंय."

"माहीत आहे."

"मग मी आता खोटा पडलो. साहेब हेच म्हणणार, म्हातारा भांडकुदळ आहे, शेजाऱ्यांच्या घरात नाक खुपसतो." त्यांनी कागद परत दिला. "मला वाईट एवढंच वाटतं, की ते सात जण सुद्धा खरं बोलत होते आणि मी नाही."

 जानकीने माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी म्हणजे स्वतःचं मन हलकं करून घेणं, आणि ते करायला तिला लाज वाटली. ह्या झाडाचं साळव्यांचं आणि घाडीगावकरांचं कधी वेगळं नव्हतं. होळी झाली की आठवडाभर चिंच उतरायची, सगळ्या ओळीच्या बायका ओट्यावर बसून फोडायच्या, चिंचोके काढायच्या, मीठ लावून गोळे करायच्या, आणि विमलावहिनी पाटावर बसून घरटी वाटणी लावायची. साळव्यांच्या घरी पहिला गोळा जायचा, कारण झाडावर चढायला कुंडलिकशिवाय कोणाला येत नव्हतं.

"तुम्ही खोटे पडणार नाही," ती अखेर म्हणाली.

"कसं काय?"

"अकराला या."

साहेब अकराला पाच कमी असतानाच आला. तरुण होता, घामाने भिजलेला, एकशे बारा पायऱ्यांनी त्याची वाचा गेली होती. पाणी पिऊन त्याने खोडाला प्रदक्षिणा घातली, टेप लावून घेर मोजला, फोटो काढले. तोवर ओळीतली निम्मी माणसं जमली. सर्वेश साहेबाच्या मागे पेन आणि जबाबाची दुसरी प्रत धरून उभा राहिला, मंगल कार्यालयात वधूपक्षाचा माणूस उभा राहतो तसा. नंदकिशोर दारात होता. मनाली आईला धरून ओट्यापर्यंत घेऊन आली.

"अर्ज आमच्याकडे आला होता," साहेब म्हणाला. "आमचा माणूस बघायला यायच्या आतच झाड तोडलंय. रहिवाशांनी स्वतः, धोका म्हणून तोडलं असेल तर तसा जबाब द्या. नंदकिशोर आणि जानकी सीताराम घाडीगावकर कोण?"

"जबाब तयार आहे, सर," सर्वेश म्हणाला. "सही बाकी आहे फक्त. काका, काकी..."

"माझा तयार नाही," जानकी म्हणाली. "मी सांगते, तुम्ही लिहा."

साहेबाने गुडघ्यावर पॅड घेतलं. ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली, म्हणजे त्याला दुसरीकडे बघता येऊ नये. 

"चिंच जिवंत होती. हिरवी होती. आम्ही गणपतीला गेलो तेव्हा तिला बोटकं धरली होती. ती तोडली तेव्हा आमच्यापैकी कोणी इथे नव्हतं, म्हणून आम्ही स्वखुशीने तोडली हे खोटं आहे. तिला बिल्डरच्या माणसांनी तोडलं. हे कुंडलिक साळवे आडवे आले, त्यांना उचलून बाजूला ठेवलं. त्यांची तक्रार खरी आहे. त्यात एकच चूक आहे. अर्ज खोट्या सहीचा नाही. सही माझी आहे."

गर्दीत कुजबुज झाली. मनालीने डोळे मिटून घेतले.

साहेब लिहिता लिहिता थांबला. "बाई, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? मग अर्ज खोट्या माहितीचा होतो. तुम्ही अडकाल."

"अडकेन. लिहा. मी वाचला नव्हता."

"कोणाच्या सांगण्यावरून केली सही?"

हा प्रश्न येणार हे तिला पायऱ्या मोजता याव्यात तसं सकाळपासून दिसत होतं. दारातल्या नंदकिशोरकडे तिने वळून पाहिलं. त्याने मान हलवली नाही, विनवलं नाही. नुसता बघत राहिला. लहानपणी हाच तिला खांद्यावर घेऊन पहिल्या फांदीवर बसवायचा, आणि खाली उतरायची भीती वाटली की हाच खाली हात पसरून उभा राहायचा. हे सगळं तिला आठवलं, आणि तरीही ती बोलली.

"माझ्या भावाच्या. नंदकिशोर सीताराम घाडीगावकर. फांदी छाटायचीय म्हणून सांगितलं. तो समोर उभा आहे. माझ्याइतकाच तो पण जबाबदार, आणि आम्हा दोघांपेक्षा जास्त ज्याने आमची ओळ रिकामी व्हायची वाट बघितली तो."

"गेली बिल्डिंग," मागून कोणीतरी म्हणालं. "एका बाईच्या हट्टापायी एकोणचाळीस घरांची वाट लागली." दुसऱ्या कोणीतरी त्याला दुजोरा दिला, आणि जानकीने त्या दोन्ही आवाजांकडे वळून बघितलं नाही. ते चुकीचं बोलत होते असंही तिला वाटलं नाही. तिला एवढंच माहीत होतं की आज हे झाड वाळलेलं म्हणून लिहिलं गेलं, तर उद्या आरशातही तिला खरं दिसणार नाही.

सर्वेश अजून हसत होता, पण आता ओठांनीच. "सर, काकींचं वय झालंय. इमोशनल आहेत. मी सांगतो ना तुम्हाला, तीन वर्षं मी इथे येतोय. आतून पोकळ होतं ते. मेलेलं झाड, सर. गेल्या दहा वर्षांत ह्याला एक चिंच लागलेली नाही. कोणालाही विचारा."

"काय म्हणालास?"

हा आवाज विमलावहिनीचा होता. मनालीने तिचा दंड धरला, तिने तो सोडवून घेतला.

"एक चिंच लागली नाही म्हणालास? दहा वर्षांत?"

"काकी, तुम्ही बसा, तुम्हाला त्रास होईल."

"माझा त्रास मी बघीन. साहेब, ह्या ओट्यावर चाळीस वर्षं मी चिंच फोडली. लग्न होऊन आले त्या वर्षी सासऱ्यांनी पाट मांडून बसवलं मला, म्हणाले, घरटी वाटणी सून लावणार. तेव्हापासून मी लावते. यंदाच्या होळीला पण मी लावली. ह्या ओळीत एक घर असं नाही की ज्याच्या बरणीत आत्ता माझ्या हातची चिंच नाही. जा कोणाच्याही घरात, उघडा बरणी." ती दम घ्यायला थांबली. एक हात मांडीवर दाबून धरला होता. "आणि तू ती लागलीच नाही म्हणतोस? मग मी चाळीस वर्षं काय माती वाटली?"

 मघाशी मागून बोललेला माणूस खाली बघायला लागला; त्याच्या घरी बरणी होतीच.

"वहिनी," जानकी म्हणाली, "तू कशाला? बस तू. लिफ्ट जाईल तुझी."

"जाईल ना. मला कळत नाही असं वाटतं तुला?" विमलावहिनीने डोळे पुसले आणि साहेबाकडे बघितलं. "मला लिफ्ट हवीय साहेब, अजून हवीय, हे पण लिहा. पण खोटं लिहून मिळणार असेल तर नको. मला नाही जमणार त्यात उभं राहायला. घ्या, लिहा माझं. विमला नंदकिशोर घाडीगावकर."

साहेबाने सर्वेशकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग निमूटपणे नवं पान काढलं. सर्वेश फोन कानाला लावत पायऱ्यांकडे निघाला. कुंडलिक साळवे गर्दीतून पुढे आले आणि जानकीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

नंदकिशोर दारातून आत गेला. तो आत गेलेला जानकीने पाहिला आणि तिला वाटलं, आता हा दार लावून घेईल, आणि त्यानंतर ह्या घरात आपल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं होणार नाही. तेही तिने मनात धरून ठेवलं होतं. पण तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची खुर्ची होती. ती त्याने बुंध्याशेजारी आणून ठेवली, एक पाय भुशात रुतत होता म्हणून हलवून नीट बसवली, आणि बायकोला दंडाला धरून तिच्यावर बसवलं.

"सावकाश सांग," तो तिला म्हणाला. मग साहेबाला म्हणाला, "हिचं झालं की माझं घ्या. फांदी नव्हती ती. मला माहीत होतं."